सीमारेषेवरचा झेल: निर्णय कसा द्यावा आणि झेल कसा घ्यावा

सीमारेषेवर घेतलेल्या झेलावरून वाद सुरू झाला की दोन्ही संघ चेंडू कुठे होता, याविषयीच बोलत राहतात. चेंडू दोरीच्या पलीकडे गेला होता, मग झेल कसला, असे फलंदाजाच्या बाजूचे म्हणणे असते आणि तो पूर्ण पलीकडे गेलाच नव्हता, असे उत्तर त्याला मिळते. नियमाच्या दृष्टीने ही सगळी चर्चा गैरलागू आहे. हवेतला चेंडू सीमारेषेच्या कितीही पलीकडे गेला, तरी तेवढ्याने षटकार होत नाही. चेंडूला स्पर्श करणारा क्षेत्ररक्षक त्या क्षणी जमिनीवर कुठे टेकलेला होता आणि तो हवेत असल्यास त्याने उडी कुठून घेतली होती, यावर निर्णय ठरतो. त्यामुळे पंचाने आणि क्षेत्ररक्षकानेही सर्वप्रथम पायांकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी. पुढील विवेचन गावोगावच्या आणि क्लबच्या स्पर्धांत पंच म्हणून उभे राहणाऱ्यांसाठी आहे, तसेच लाँग-ऑन, लाँग-ऑफ किंवा डीप मिडविकेट अशा सीमारेषेजवळच्या जागी उभ्या राहणाऱ्या खेळाडूंसाठीही आहे. त्याचा आधार एमसीसीच्या, म्हणजे क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या नियमावलीतील सीमारेषेविषयीचा नियम १९ आणि झेलाविषयीचा नियम ३३ हा आहे.

सीमारेषा नाणेफेकीपूर्वी निश्चित करावी

सीमारेषा कोणती हे पंचांनी नाणेफेकीपूर्वी ठरवायचे असते आणि एकदा ठरलेली सीमारेषा संपूर्ण सामन्यात तीच राहते. दोरी वापरली असेल, तर दोरीच्या जमिनीला टेकलेल्या भागाची खेळपट्टीकडची कड ही सीमारेषा असते. फक्की मारून रेघ आखली असेल, तर त्या रेघेची आतली कड ही सीमारेषा धरतात. म्हणजेच रेघ स्वतः मैदानाबाहेरच मोजली जाते आणि चेंडू हातात असताना बुटाचे टोक जरी रेघेला लागले, तरी क्षेत्ररक्षक बाहेर गेला असे समजले जाते. मोठ्या सामन्यांत दोरीवर फोमचे त्रिकोणी जाहिरात-ठोकळे बसवलेले असतात. त्या ठोकळ्याच्या कोणत्याही भागाला झालेला स्पर्श हा सीमारेषेला झालेला स्पर्शच असतो. नुसते झेंडे लावून खेळायचे असेल, तर दोन झेंड्यांना जोडणारी सरळ काल्पनिक रेषा ही सीमारेषा, असे दोन्ही कर्णधारांना आधीच स्पष्ट सांगावे आणि झेंडे शक्य तितके जवळ लावावेत, कारण दोन झेंड्यांमधले अंतर जितके जास्त, तितका झेलाच्या वेळचा वाद मोठा.

मैदानात झाड, विजेचा खांब किंवा पाण्याची टाकी असेल, तर त्याविषयीही याच वेळी बोलून घ्यावे. मैदानाच्या आत असलेला अडथळा हा आपोआप सीमारेषा ठरत नाही. पंचांनी नाणेफेकीपूर्वी तसे जाहीर केले, तरच तो सीमारेषा मानला जातो. हे जाहीर केले नसेल, तर झाडाच्या फांदीला लागून खाली आलेला चेंडू जमिनीवर पडण्याआधी पकडल्यास फलंदाज नियमानुसार झेलबाद होतो. मुंबईच्या आझाद मैदानासारख्या ठिकाणी एकाच वेळी अनेक सामने चालतात आणि एका सामन्याची हद्द दुसऱ्या सामन्याच्या हद्दीत शिरलेली असते. अशा मैदानांवर ही बोलणी अधिकच काळजीपूर्वक करायला हवीत.

दोरी सामन्यादरम्यान सरकली तर काय करायचे, याचेही उत्तर नियमात आहे. चौकार अडवताना कोणी दोरीवर घसरत गेला किंवा प्रेक्षकाने दोरी पायाने ढकलली, तरी सीमारेषा तिच्या मूळ जागीच आहे असे समजायचे असते आणि चेंडू मृत झाला, म्हणजे त्या चेंडूवरचा खेळ संपला, की दोरी लगेच मूळ जागी आणायची असते. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमार यादवने घेतलेल्या झेलानंतर जो वाद झाला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. गवतावर दिसणाऱ्या फिकट पट्ट्याकडे बोट दाखवून, सीमारेषा तिच्या जागेवरून मागे सरकलेली होती, असा आक्षेप अनेकांनी घेतला. असा आक्षेप निकालानंतर कितीही वेळ चर्चेत राहू शकतो आणि तो सोडवण्याचा मार्ग त्या वेळी कोणाच्याच हाती नसतो. म्हणून पंचांनी डावाच्या सुरुवातीलाच दोरीभोवती एक फेरी मारावी, दोरीखाली दर काही पावलांवर फक्कीची छोटी खूण करून ठेवावी आणि षटक संपल्यावर दोरी त्या खुणांवर आहे ना, यावर नजर टाकत राहावे.

क्षेत्ररक्षक सीमारेषेबाहेर कधी समजला जातो

क्षेत्ररक्षकाच्या शरीराचा कोणताही भाग सीमारेषेला, ती दाखवणाऱ्या दोरीला किंवा ठोकळ्याला, अथवा पलीकडच्या जमिनीला टेकलेला असेल, तर तो सीमारेषेबाहेर टेकला आहे असे मानतात. पलीकडे जमिनीवर असलेल्या एखाद्या वस्तूला, उदाहरणार्थ खुर्चीला, जाहिरातीच्या फलकाला किंवा कुंपणाच्या जाळीला त्याचा स्पर्श झाला, तरीही हेच लागू होते. अंगावरचे कपडे आणि पायातले बूट हे शरीराचाच भाग धरले जातात, त्यामुळे शर्टाचे टोक दोरीला घासले तरी ते मोजले जाते. धावताना डोक्यावरून उडालेली टोपी दोरीवर जाऊन पडली, तर मात्र काहीही बिघडत नाही, कारण अंगापासून सुटलेली वस्तू त्याच्या शरीराचा भाग राहत नाही. बाहेर उभ्या असलेल्या सहकाऱ्याने मदतीच्या हेतूने आतल्या क्षेत्ररक्षकाला धरून ठेवले किंवा मागून आधार दिला, तर आतला क्षेत्ररक्षकही बाहेर टेकला असेच समजले जाते.

याउलट, दोन्ही पाय आत टेकलेले आहेत आणि छाती, खांदे व हात दोरीवरून पलीकडे झुकलेले आहेत, अशा अवस्थेत घेतलेला झेल पूर्णपणे वैध असतो. दोरीच्या पलीकडच्या हवेला नियमात काहीही महत्त्व नाही, ही गोष्ट नव्या पंचांच्या मनात सर्वांत उशिरा रुजते.

झेल पूर्ण कधी होतो

झेल पकडण्याची क्रिया चेंडूचा क्षेत्ररक्षकाच्या अंगाला पहिला स्पर्श झाल्यापासून सुरू होते आणि चेंडूवर व स्वतःच्या हालचालीवर अशा दोन्हींवर क्षेत्ररक्षकाचे पूर्ण नियंत्रण आले, की ती संपते. या दोन क्षणांच्या दरम्यान चेंडू अंगाला लागलेला असताना क्षेत्ररक्षक सीमारेषेला टेकला, तर झेल रद्द होतो आणि चेंडू आधी मैदानात टप्पा पडलेला नसल्यामुळे फलंदाजाला सहा धावा मिळतात.

स्थानिक सामन्यांत सर्वाधिक गफलत या दुसऱ्या अटीपाशी होते. चेंडू दोन्ही हातांत घट्ट बसला आहे, पण धावण्याच्या वेगामुळे खेळाडू तीन-चार पावले पुढे जाऊन दोरीवर आदळतो. चेंडू कधीच पकडला होता, असा दावा क्षेत्ररक्षण करणारा संघ करतो, परंतु हालचाल ताब्यात आलेली नसल्यामुळे तो झेल पूर्ण झालेलाच नसतो. किती पावले पडली, हा निकष येथे नाही. खेळाडू मनात आणले असते तर थांबू शकला असता का, हे पंचाने पाहायचे असते. तो थांबला, वळला आणि आनंदाच्या भरात धावत दोरीपलीकडे गेला, तर फलंदाज बादच असतो.

ट्रेंट बोल्टने २०१९ च्या विश्वचषकात घेतलेले दोन झेल शेजारी ठेवून पाहिले, की हा नियम फार स्वच्छ कळतो. २२ जून रोजी मँचेस्टरला वेस्ट इंडिजच्या कार्लोस ब्रेथवेटने शतक पूर्ण करून सामना जवळपास जिंकत आणला होता. ४९ व्या षटकात जिमी नीशमला मारलेला त्याचा फटका सीमापार झाला असता, तर सामना तिथेच संपला असता. पण बोल्टने दोरीच्या जेमतेम आत पाय रोवून तो झेल घेतला, स्वतःला सावरले आणि न्यूझीलंड पाच धावांनी जिंकले. १४ जुलै रोजी लॉर्ड्सवरील अंतिम सामन्यात पुन्हा ४९ वे षटक होते, गोलंदाज पुन्हा नीशम होता आणि बेन स्टोक्सने उंच मारलेला चेंडू पुन्हा बोल्टकडेच गेला. या वेळीही चेंडू त्याच्या हातात बसला, मात्र मागे जाताना त्याचा पाय दोरीवर पडला आणि त्यानंतर त्याने चेंडू शेजारी आलेल्या मार्टिन गप्टिलकडे टाकला. पाय पडला त्या क्षणी चेंडू हातात होता, एवढे कारण षटकारासाठी पुरेसे होते. पुढे तो सामना बरोबरीत सुटला, हे लक्षात घेतले म्हणजे त्या एका पावलाचे मोल समजते.

हवेतला क्षेत्ररक्षक आणि २०२५ चा बदल

हवेत असलेल्या क्षेत्ररक्षकासाठी मूळ नियम असा आहे, की चेंडूला पहिला स्पर्श करण्यापूर्वी त्याचा जमिनीशी आलेला शेवटचा संबंध संपूर्णपणे सीमारेषेच्या आत असला पाहिजे. बाहेर उभे राहून, तिथूनच उडी मारून चेंडूला पहिला हात लावला, तर ती सीमापार धाव होते. तो आधी बाहेर गेला असेल, पण परत आत येऊन, पाय पूर्णपणे आत टेकवून मग उडी मारली असेल, तर हरकत नाही. दोरीवर अर्धा टेकलेला पाय हा संपूर्णपणे आत नसतो, हेही ध्यानात ठेवावे.

अडचण पहिल्या स्पर्शानंतर येत असे. पूर्वीच्या शब्दरचनेत पहिला स्पर्श आतून केला असेल, तर त्यापुढच्या उड्या बाहेरूनही मारता येत असत. अट एवढीच, की चेंडू हाताला लागलेला असताना पाय जमिनीवर नसावेत. या मोकळिकीचा सर्वांत गाजलेला वापर १ जानेवारी २०२३ रोजी ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर, ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅश लीगमध्ये झाला. सिडनी सिक्सर्सच्या जॉर्डन सिल्कचा फटका ब्रिस्बेन हीटच्या मायकेल नीसरने आतमध्ये पकडला, तोल जात असल्याने चेंडू वर उडवला, तो सीमारेषेपलीकडे गेला, तिथे बाहेरच्या जमिनीवरून उडी मारून हवेतच त्याने चेंडूला पुन्हा वर ढकलले आणि मग आत येऊन झेल पूर्ण केला. त्या वेळच्या नियमानुसार सिल्क बाद होता आणि पंचांचा निर्णय बरोबर होता. तरीही पाहणाऱ्याला तो झेल पटत नव्हता, कारण क्षेत्ररक्षक बराच वेळ उघडपणे मैदानाबाहेर होता. याच मैदानावर जानेवारी २०२० मध्ये मॅट रेनशॉने सीमारेषेबाहेरून उडी मारून चेंडू आत ढकलला होता, टॉम बँटनने तो पकडला होता आणि मॅथ्यू वेड बाद झाला होता.

एमसीसीने या प्रकाराला, म्हणजे ज्याला 'बनी हॉप' म्हटले जाते त्या बाहेरच्या बाहेर मारलेल्या उड्यांना, आता आळा घातला आहे. हा बदल आयसीसीने जून २०२५ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या अटींत टप्प्याटप्प्याने आणला आणि एमसीसीच्या मूळ नियमावलीत त्यासाठी ऑक्टोबर २०२६ हा महिना ठरला. बदल असा आहे: सीमारेषेबाहेर गेलेल्या क्षेत्ररक्षकाला बाहेरून उडी मारून, हवेत असताना चेंडूला एकदाच स्पर्श करता येतो. त्या स्पर्शानंतर तो संपूर्णपणे सीमारेषेच्या आत उतरला पाहिजे आणि तो चेंडू संपेपर्यंत आतच राहिला पाहिजे. तो बाहेर उतरला, तर त्याच क्षणी सीमापार धावा होतात.

हा बदल मला योग्य वाटतो. आतून उडालेला चेंडू बाहेर जाऊन पुन्हा आत आणण्याचे कौशल्य त्याने नाहीसे केलेले नाही, फक्त बाहेरच राहून चेंडूशी खेळत बसण्याला मनाई केली आहे. हरलीन देओलने ९ जुलै २०२१ रोजी नॉर्दम्प्टनला इंग्लंडच्या एमी जोन्सचा घेतलेला झेल याची साक्ष देतो. गोलंदाज गोव्याची शिखा पांडे होती. लाँग-ऑफला हरलीनने उडी मारून चेंडू पकडला, खाली येताना तो आतल्या बाजूला उडवला, स्वतः बाहेर उतरली आणि लगेच आतल्या दिशेने झेपावून, मैदानात पडता पडता तो पुन्हा पकडला. बाहेरून घेतलेल्या झेपेत तिचा चेंडूला एकच स्पर्श झाला आणि ती आत उतरली. म्हणून नव्या नियमातही हा झेल तितकाच वैध आहे.

सूर्यकुमारच्या झेलालाही या बदलाने काही फरक पडत नाही. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनला शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्या होत्या आणि हार्दिक पंड्याचा पहिलाच चेंडू डेव्हिड मिलरने लाँग-ऑफकडे उंच मारला. आपल्या मुंबईकर सूर्याने तो आत पकडला, पाय पलीकडे जाण्यापूर्वी वर उडवला, बाहेर पाऊल टाकले तेव्हा चेंडू त्याच्या हातात नव्हता, आणि आत परत येऊन त्याने तो पुन्हा घेतला. बाहेर असताना चेंडूला त्याने हातच लावला नाही. तिसरे पंच रिचर्ड केटलबरो यांनी चित्रफीत पाहून मिलरला बाद ठरवले आणि भारत सात धावांनी जिंकला. पुढच्याच आठवड्यात विधान भवनात झालेल्या सत्कारात सूर्याने तो झेल हातात बसल्याचे मराठीतून सांगितले, तेव्हा सभागृहाने दिलेली दाद अजून अनेकांच्या कानात असेल.

दोघांनी मिळून घेतलेला झेल

एकाने पकडून दुसऱ्याकडे टाकलेल्या झेलाचा निर्णय देताना दोन्ही खेळाडूंच्या पायांचा वेगवेगळा विचार करावा लागतो. पहिल्याने आतून उडी मारली, हवेत असतानाच चेंडू सहकाऱ्याकडे सोडला आणि मग तो दोरीपलीकडे पडला, तर हा झेल पूर्वीप्रमाणेच वैध आहे, कारण बाहेर टेकण्यापूर्वी चेंडू त्याच्या हातातून सुटलेला होता आणि चेंडूला लावलेला हात बाहेरून मारलेल्या उडीतला नव्हता. मात्र पहिला खेळाडू बाहेर जाऊन, बाहेरून उडी मारून चेंडू आत ढकलत असेल, तर त्याला स्वतः आत उतरावे लागते. तो बाहेर उतरला, तर सहकाऱ्याने कितीही सफाईने झेल घेतलेला असला तरी षटकार द्यावा लागतो. रेनशॉ आणि बँटनचा झेल आज या कारणाने ग्राह्य धरला जाणार नाही.

आपल्याकडच्या टेनिस बॉल स्पर्धांतील एक झेलही या कसोटीला लावून पाहण्यासारखा आहे. बेळगावकडच्या एका स्पर्धेतील चित्रफीत फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभर पसरली होती आणि सचिन तेंडुलकरनेही ती कौतुकाने पुढे पाठवली होती. क्षेत्ररक्षकाने आत पकडलेला चेंडू वर उडवला, तो बाहेर गेला आणि तिथून उडी मारून त्याने फुटबॉलपटूसारखी लाथ मारत चेंडू आतल्या सहकाऱ्याकडे पोहोचवला. पायाने चेंडू ढकलण्यात गैर काही नाही, कारण चेंडू हातानेच आत आणला पाहिजे असे नियम कुठेही म्हणत नाही. त्या वेळी तो झेल वैध होता. नव्या नियमात मात्र लाथ मारणारा खेळाडू बाहेरच उतरला असल्यामुळे षटकार द्यावा लागेल. ज्या स्पर्धा अजून जुन्या नियमाने खेळल्या जातात, त्यांच्या आयोजकांनी कोणता नियम लागू आहे, हे स्पर्धेच्या पत्रकातच छापावे.

कॅमेरा नसलेल्या मैदानावर पंचाने काय करावे

झेलाच्या अपिलाला उत्तर देण्याचे काम गोलंदाजाच्या टोकाकडील पंचाचे असते. तो सीमारेषेपासून बराच दूर असल्यामुळे चेंडू उंच उडाला, की त्याने चेंडूमागे नजर नेण्याऐवजी तो कुठे येणार आहे याचा अंदाज घेऊन क्षेत्ररक्षकाच्या पायांकडे पाहावे आणि शक्य असेल तर त्या दिशेने चार पावले धावावे. दुसऱ्या पंचानेही त्याच वेळी तिकडे नजर ठेवावी. कोणी काय पाहायचे हे दोघांनी सामन्याआधीच ठरवलेले असावे. शंका असल्यास दोघांनी एकत्र येऊन बोलावे, आणि बोलूनही शंका उरली तर फलंदाज नाबाद ठरतो, असे नियम सांगतो.

क्षेत्ररक्षकाला विचारावे का, हा प्रश्न नेहमी निघतो. माझ्या मते विचारावे, पण तसे करण्याचे दोन्ही कर्णधारांनी नाणेफेकीच्या वेळीच मान्य केलेले असावे. लॉर्ड्सवर बोल्टचा पाय दोरीला लागला, तेव्हा पंचांनी निर्णय देण्याआधीच गप्टिलने दोन्ही हात वर करून षटकाराची खूण केली होती. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जे होऊ शकते, ते आपल्या तालुक्याच्या चषकातही होऊ शकते. प्रेक्षकांना मात्र कधीही विचारू नये. स्पर्धेकडे माणसे असतील, तर लाँग-ऑन आणि लाँग-ऑफच्या दिशेला दोरीजवळ एकेक राखीव पंच बसवणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

निर्णयानंतरच्या दोन गोष्टी अनेकदा चुकतात. फलंदाज झेलबाद झाला, तर फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले असले तरी नवा फलंदाज स्ट्राइकवर येतो. षटक संपले असेल तरच याला अपवाद. हा नियम १ ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि मिलर बाद झाल्यावर पुढचा चेंडू कागिसो रबाडाने खेळला, तो याच नियमामुळे. दुसरे म्हणजे, क्षेत्ररक्षकाने सीमारेषेला न टेकता चेंडू आत ढकलला आणि तो आतल्या जमिनीवर पडला, तर चेंडू जिवंत असतो आणि पळून काढलेल्या धावाच मिळतात. तोच चेंडू पुढे घरंगळत दोरीला लागला, तर चार धावा होतात. आत टप्पा न पडता क्षेत्ररक्षकाच्या हाताला लागून थेट बाहेर पडला, तर सहा धावा द्याव्यात.

क्षेत्ररक्षकाने झेल कसा घ्यावा

चांगला सीमारेषा-क्षेत्ररक्षक चेंडू उडण्यापूर्वीच दोरीचे अंतर मोजून ठेवतो. षटकाच्या सुरुवातीला मागे वळून दोरीपर्यंत किती पावले आहेत ते पाहावे, एकदा पाठीमागे चालत जाऊन टाच दोरीला लावून पाहावी आणि मग आपल्या जागी यावे. चेंडू डोक्यावरून जाणार असे दिसले, की उलट्या पावलांनी मागे सरकत राहण्यापेक्षा वळून झपाट्याने दोरीजवळ जावे आणि तिथून चेंडूच्या दिशेने, म्हणजे आतल्या बाजूला येत झेल घ्यावा. वेगाची दिशा आतली असेल, तर हालचालीवर नियंत्रण आणण्याचा प्रश्न आपोआप सुटतो.

वेळ नसेल आणि मागे जातच झेल घ्यावा लागला, तर तोल जातो आहे हे कळताच चेंडू सोडावा. येथे उशीर करणे सर्वांत महागात पडते, कारण पाय दोरीवर पडल्यावर सोडलेल्या चेंडूचा काहीच उपयोग नसतो. चेंडू सरळ वर उडवू नये. आपण दोन-तीन पावले बाहेर जाऊन परत येणार आहोत, हे गृहीत धरून तो उंच आणि आतल्या बाजूला, दोरीपासून दीड-दोन मीटर मैदानात पडेल असा उडवावा. परत येताना एक पाय तरी पूर्णपणे आत रोवावा, दुसरा दोरीवरून उचलला गेला आहे याची खात्री करावी आणि मगच चेंडूला हात लावावा. थेट बाहेरून झेपावणे हा शेवटचा पर्याय ठेवावा. तो निवडलाच, तर चेंडू थोपटण्याचा मोह टाळून एकाच स्पर्शात पकडावा आणि शरीर आत पडेल अशीच झेप घ्यावी.

झेल होणारच नाही असे दिसले, तर तळहाताने चेंडू आतल्या जमिनीवर दाबून सहाच्या दोन धावा कराव्यात. नोबॉल आणि फ्री हिटवर तर झेलाने विकेट मिळतच नाही. म्हणून त्या चेंडूंवर झेल पूर्ण करण्याच्या नादात दोरीकडे वाहत न जाता चेंडू आत ढकलून लगेच फेकीची तयारी करावी. शेजारच्या क्षेत्ररक्षकाने अशा प्रत्येक उंच फटक्यावर धावत येऊन झेल घेणाऱ्यापासून चार-पाच मीटर आत उभे राहावे आणि दोरी जवळ आली की "दोरी!" असे मोठ्याने ओरडावे, कारण वर पाहणाऱ्या खेळाडूला पायाखालचे दिसत नाही.

मुंबईत कांगा लीगचे सामने ऐन पावसाळ्यात होतात. ओल्या गवतावर धावण्याचा वेग थांबायला जास्त जागा लागते, हे तिथे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. अशा मैदानावर नेहमीपेक्षा एक-दोन पावले आत उभे राहणे आणि चेंडू लवकर सोडणे शहाणपणाचे ठरते. आंतरराष्ट्रीय सामन्यांत दोरी आणि पलीकडची टणक वस्तू यांमध्ये किमान २.७४ मीटर मोकळी जागा ठेवावी लागते. आपल्या मैदानांवर दोरीला लागूनच भिंत, गटाराची कड किंवा दुचाकी उभ्या असतील, तर आयोजकांनी दोरी आत घ्यावी. सीमारेषा थोडी लहान झाली तरी चालेल.

सरावासाठी दोरी आणि एक जोडीदार पुरेसा आहे. सुरुवातीला चेंडूशिवाय धावत येऊन थांबणे, बाहेर जाणे आणि पाय रोवून परत येणे एवढेच करावे. नंतर टेनिस बॉल घेऊन उडवणे आणि परत पकडणे जोडावे, आणि पाय आपोआप योग्य जागी पडू लागले, की मगच लेदर बॉल हाती घ्यावा. जोडीदाराने त्या वेळी चेंडूकडे न पाहता फक्त पायांकडे पाहून "आत" किंवा "बाहेर" एवढेच सांगत राहावे. यातून खेळाडूचा अंदाज पक्का होतो आणि जोडीदारालाही पंच म्हणून निर्णय देण्याचा सराव मिळतो.